पडला की उतरला

रविवार, ४ मे. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी सावरखोलच्या कोंडात, म्हणजे नदीतल्या डोहात, होतो. अंगावर भाच्याची फुलाफुलांची बर्म्युडा होती, डोळ्यांवरचा चष्मा गेलेला होता आणि डोकं आंबे उतरवायच्या झेल्यात अडकलेलं होतं.

मी पाण्यात पडलो की उतरलो, यावर गावात दोन मतं आहेत. तिसरं मत त्याच सकाळी रविवार पुरवणीत चार कॉलमांत छापून आलं होतं. त्यानुसार मी 'झेप घेतली' होती. हे तिसरं मत माझं स्वतःचं होतं आणि ते मी शुक्रवारी संध्याकाळीच लिहून पाठवलं होतं.

क्रमाने सांगतो. सव्वीस वर्षं मी महाडहून एका दैनिकाला बातम्या पुरवतो. नाव दत्ताराम सकपाळ. पण छापून येतं 'आमच्या वार्ताहराकडून'. या सव्वीस वर्षांत माझ्या बातमीवर एकदाही खुलासा छापावा लागलेला नाही. अपघातात किती जखमी, याचा आकडा मी स्वतः खाटा मोजून देतो. आमच्या धंद्यात माणसाजवळ मालमत्ता म्हणावी अशी ही एकच गोष्ट असते आणि ती आयुर्विम्यासारखी असते. तिचा उपयोग आपल्याला होत नाही, पण बुडाली तर झोप लागत नाही.

मंगळवारी पुण्याहून राजनंदिनीचा फोन आला. ती पुरवणीची संपादक आहे, वय अठ्ठावीस, आणि मला अत्यंत आदराने राबवून घेते.

"सर, नवी मालिका करतोय. 'पाण्याच्या वाटा'. प्रत्येक तालुक्यातला एक डोह किंवा तलाव. वार्ताहरानं स्वतः पोहायचं आणि मग लिहायचं. लोकांना अनुभव हवा असतो, सर. इकडचं तिकडचं उचललेलं नको."

"पोहायलाच हवं का? काठावरूनही बरंच दिसतं."

"सर, तुम्ही असं म्हणता? पुरात कमरेएवढ्या पाण्यातून बातम्या दिल्यात तुम्ही!"

पाणी कमरेएवढं होतं हे खरं आहे. पण मी त्या वेळी माळ्यावर होतो.

इथे एक बाब नोंदवणं आवश्यक आहे. मला पोहता येत नाही. माझा जन्म दासगावचा, सावित्रीच्या काठचा. तिथल्या माणसाला पोहता येतं की नाही, हे कोणी विचारत नाही, तसं मलाही कधी कोणी विचारलं नाही. पुढे तालुक्याच्या आपत्ती समितीवर पत्रकारांचा प्रतिनिधी म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हाही विचारलं नाही. दर वर्षी मे महिन्यात नारिंगी जाकीट घालून मी रबरी बोटीशेजारी उभा राहतो आणि फोटो काढून झाला की जाकीट परत करतो.

"अहो, नाही म्हणून सांगा ना," माझी बायको स्नेहल म्हणाली.

"कारण काय सांगू?"

"खरं ते."

हा पर्याय मी विचारात घेतला आणि फेटाळला. स्नेहल भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा आमच्या बाबांना सांगितलं होतंत, सावित्री आडवी पोहून जातो म्हणून."

"तेव्हा उन्हाळा होता. पाणी कमी होतं."

"चालत गेला असाल."

बुधवारी ही गोष्ट इमारतीत कशी पसरली, हे मी शोधलेलं नाही. संशयित घरातच होती. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी कानात तेल घालून जायला सांगितलं. त्यांच्या पत्नीने कानात नको, अंगाला लावा असं सुचवलं. एका गृहस्थाने पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधायची जुनी पद्धत समजावून सांगितली आणि डबाही आणून दिला. त्यात अजून पावशेर तेल होतं. ते माझ्या पाठीवरून बर्म्युडापर्यंत गेलं आणि मुख्याध्यापकीणबाईंचं मत आपोआप अमलात आलं.

खरी जबाबदारी उचलली ती समोरच्या हैदरने. हैदर अकरा वर्षं कुवेतला मोठ्या हॉटेलच्या तरणतलावावर नोकरीला होता, हे सगळ्या महाडला माहीत आहे, कारण तो सगळ्या महाडला ते सांगतो. त्याने मला संध्याकाळी गच्चीवर नेलं, प्लास्टिकच्या स्टुलावर पालथं घातलं आणि हातपाय मारायला लावलं.

"गुडघा वाकवू नका, सकपाळभाऊ. बेडकासारखं नको. मासोळीसारखं."

"श्वास कधी घ्यायचा?"

"पाण्याबाहेर असाल तेव्हा."

अर्धा तास मी गच्चीवर पोहत होतो. हैदरची बायको आयशाभाभी वाळलेले कपडे काढायला आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, जरा पलीकडच्या टाकीपर्यंत जाऊन या ना. चादर राहिलीये तिकडे."

हैदर हसला नाही. शिक्षक म्हणून तो गंभीर आहे. मीच विचारलं, "तुम्ही रोज किती पोहायचात हो तिकडे?"

"मी?" हैदर म्हणाला. "मी पाण्यात औषध टाकायचो. काठावरून. मला पाणी सोसत नाही, कान फुटतो लहानपणापासून."

गुरुवारी मी स्थळपाहणीला निघालो. वरंधच्या बाजूला एक छोटा पाझर तलाव आहे. तिथे मे महिन्यात जेवढं पाणी उरलं होतं तेवढ्यावर चाळीसेक म्हशींचा ताबा होता. मी काठावर उभा राहून वही काढली. एका म्हशीने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं, मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटली. दासगावला, माझ्या स्वतःच्या गावी, सावित्रीत पोहावं असा एक भावनिक विचार मनात होता. पुळणीवर एक मगर ऊन खात पडली होती. तिने माझी दखल घेतली नाही. गावात माझी एवढी कदर पहिल्यांदाच झाली असेल. तिसऱ्या ठिकाणी, रस्त्यालगतच्या एका बंधाऱ्यावर, पाण्यापेक्षा बाटल्या जास्त होत्या आणि प्रत्येक दगडावर एक मुलगी कॅमेऱ्याकडे पाठ करून निसर्गात हरवलेली होती.

तेवढ्यात विनीतचा फोन आला. विनीत हा सावरखोलचा. पोलादपूरहून आंबेनळीकडे जाताना, घाट लागायच्या आधी डावीकडे फाटा आहे, तिथून सात किलोमीटर आत हे गाव. नवी मुंबईतली नोकरी सोडून तो मागच्या दिवाळीत परत आला आणि नदीकाठी आठ तंबू टाकून बसला. त्याची पहिली बातमी मीच दिली होती, 'तरुणाची भरारी' अशी.

"काका, तुम्ही डोह शोधताय असं ऐकलं. आमचा कोंड सोडून कुठे फिरताय? नॅचरल पूल आहे, काका. टॉप टू बॉटम हिरवागार."

"पोहतात का लोक तिथे?"

"काका, पाणी बघाल ना, तुम्हालाच वाटेल पोहावं!"

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पुढाऱ्यांची अशी उत्तरं पकडण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. पण मी म्हशी आणि मगर यांच्यामधून आलो होतो. मी 'पोहतात' असं लिहून घेतलं.

शुक्रवारी सकाळी, नियमाप्रमाणे, परवानगीचं पाहायला निघालो. पहिल्या कार्यालयात लिपिक म्हणाले, "बंदी आदेश पावसाळ्यात निघतो. सध्या बंदी नाही."

"म्हणजे परवानगी आहे?"

"बंदी नाही असं म्हणालो. परवानगी आहे असं म्हणालो नाही."

"मग उतरायचं की नाही?"

"तुम्ही उतरा. बुडालात तर आम्ही बंदी घालू."

दुसऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी नकाशा उलगडला, बोट फिरवलं आणि सांगितलं की धरण असेल तिथलं पाणी त्यांचं, नदी असेल तिथलं त्यांचं नाही. तिसरा फोन सावरखोलच्या ग्रामसेवकांना लावला. "कोंड ना? कोंडाचं आधी सोनबा गुरवांना विचा—" एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली. मी वहीत लिहिलं: 'ग्रामपंचायतीशी संपर्क होऊ शकला नाही.'

तोपर्यंत दुपारचे साडेतीन झाले होते. पुरवणीची पानं शुक्रवारी पाचला लागतात. महाडहून सावरखोलला जाऊन, पोहून, परत येऊन लिहायला दीड तास पुरत नाही. चार वाजून पन्नास मिनिटांनी मी साडेपाचशे शब्द पाठवले. त्यात विनीतने पाठवलेले कोंडाचे तीन फोटो होते आणि पुढील मजकूर होता: 'काठावरच्या कातळावरून मी झेप घेतली. मासे आदराने बाजूला झाले. क्षणभर वाटलं, ही नदी आपल्याला ओळखते.'

मासे आदराने बाजूला होतात हे मला कोणत्या सूत्रांनी सांगितलं, ते आता आठवत नाही.

रविवारी सकाळी सहाला अंक दारात पडला. छापून आलेलं खोटं होतं. पण ते दुपारपर्यंत खरं करता येण्यासारखं होतं. या विचाराने मला बरं वाटलं आणि मी स्कूटर काढली. स्नेहलने बर्म्युडा पिशवीत घातली. तेलाचा डाग गेलेला नव्हता. "फोन काठावर ठेवा," ती म्हणाली. बाकी काही म्हणाली नाही, याचा मला अजून राग आहे.

साडेआठला मी कोंडावर पोचलो. खरोखर सुंदर जागा आहे. दोन्ही बाजूंना काळा कातळ, वर आंबा, मध्ये घागरीच्या पोटासारखा गोल, गडद हिरवा डोह. काठावर कोंडजाईचं कौलारू देऊळ. विनीतच्या तंबूंत अजून घोरणं चालू होतं. पलीकडे एक म्हातारी झेल्याने आंबे उतरवत होती. तिच्या पायाशी चुरमुऱ्यांची गोणी होती. मी कपडे काढले, शर्ट घडी करून ठेवला, आणि पँट जवळच्या एका लोखंडी पाटीवर टांगली. पाटी सोयीची होती, उंचीला बरोबर.

मग कातळावर बसून एक पाय घोट्यापर्यंत पाण्यात सोडला.

मासे आले. हातभर लांब, काळपट, जाड ओठांचे. एक आला, चार आले, मग पाणी दिसेनासं झालं. ते बाजूला झाले नाहीत. ते माझ्या पायाकडे पाहत थांबले, माहिती अधिकारात अर्ज टाकलेले लोक खिडकीशी थांबतात तसे. नऊ वाजून आठ मिनिटांनी मी पोहायचा विचार सोडून दिला. हा निर्णय मी एकट्याने घेतल्यामुळे त्याला साक्षीदार नाही, पण तो झाला होता. मी पाय वर घेतला, उठलो, देवळाकडे तोंड केलं. एक पाऊल टाकलं. ते शेवाळावर पडलं.

पुढचं मला तुटक आठवतं. हिरवं. थंड. हैदरने सांगितलेलं सगळं एकाच वेळी. आणि वरून एक आवाज: "हात मारू नको रे! मासं घाबरतात!"

मग डोक्यावर जाळी आली. पलीकडच्या म्हातारीने धावत येऊन झेला माझ्या डोक्यात अडकवला होता आणि एखादा पाडाचा आंबा ओढावा तसा ती मला काठाशी ओढत होती. तिचं नाव रंगूबाई. तिने मला कातळावर आणून पालथं केलं, पाठीत दोन रट्टे घातले आणि मी खोकायचा थांबल्यावर पहिला प्रश्न विचारला.

"पव्हता येत नाय तर आलास कशाला?"

चोपन्न वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

"कोंडात कोन उतरत नाय, ठाव नाय तुला? देवीचं मासं हायत ते. पाटी लावलीय ना येवढी!"

"कुठे?"

तिने बोट केलं. पाटीवर माझी पँट होती.

रंगूबाई म्हणाली, "मला वाचता येत नाय. तूच वाच."

मी पँट काढली आणि चष्म्याविना, नाक पाटीला लावून वाचलं: 'हा श्री कोंडजाईचा कोंड आहे. कोणीही पाण्यात उतरू नये.' तोपर्यंत तंबूंतली पर्यटक मंडळी आणि गावातली पंधरावीस माणसं जमली होती, त्यामुळे मला ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचावं लागलं. 

देवळाच्या पडवीत बैठक बसली. मध्ये सोनबा गुरव. सत्तरीचे, बारीक, अंगात बनियन, आवाज बेताचा. त्यांनी मला नियम समजावून सांगितला, कोणताही सरकारी माणूस सांगणार नाही इतक्या स्पष्टपणे.

"पाय घसरून कोनी पडला, तर देवीचा काय म्हननं नाय. नारळ द्यायचा, पडलो म्हनून बोलायचा, मोकळा. पन जानूनबुजून उतरला, तर काठ बंद. शिमग्यापरत. धुनं नाय, तंबू नाय, माशांना चुरमुरं नाय. कोनी फिरकायचा नाय."

शिमगा म्हणजे पुढचा मार्च. विनीतचा चेहरा उतरला. रंगूबाई माशांना घालायचे चुरमुरे विकते, तिचं घर त्यावर चालतं. ती पदराने झेल्याची जाळी पुसत बसली.

"घसरलेच असणार, सोनबाआजा," विनीत घाईने म्हणाला. "काका आपले मोठे पत्रकार आहेत. बघा, आजच आपल्या कोंडावर लिहिलंय त्यांनी." आणि कोणी थांबवायच्या आत त्याने फोन काढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. 'झेप घेतली' पर्यंत तो उत्साहात होता. 'मासे आदराने' ला आवाज बसला. 'ही नदी आपल्याला ओळखते' हे तो जवळपास स्वतःशीच म्हणाला.



"आज सकाळी पडला, आन आजच्या पेपरात आला?" कोणीतरी विचारलं. "पेपर तर राती छापतात."

"म्हंजे आधीच ठरवून आलेला."

"पन मी बघितला ना," रंगूबाई म्हणाली, "पाठ करून चाललेला, आन—"

"थांब गो," सोनबा म्हणाले. "ज्याचा त्यानं सांगू दे. बोला, पत्रकार साहेब. पडलात का उतरलात?"

आता वस्तुस्थिती अशी होती. 'पडलो' म्हणालो, तर काठ उघडा राहतो, विनीतचे तंबू राहतात, रंगूबाईची गोणी खपते. पण मग पुरवणीतला लेख बनावट ठरतो, विनीतच्या हातातल्या फोनचा कॅमेरा एव्हाना चालू होता, आणि बनावट मजकूर देणाऱ्या वार्ताहराला आमचं दैनिक दुसऱ्या दिवशी ठेवत नाही. तसं नेमणूकपत्रात आहे. 'उतरलो' म्हणालो, तर माझी सव्वीस वर्षं शाबूत आणि यांचं वर्ष गेलं. म्हणजे एक शब्द बोलायचा होता आणि तो खरा होता. असे शब्द दुसऱ्यांकडून काढून घेण्याचा मला मोठा अनुभव आहे.

मी घसा साफ केला. "मला वाटतं," मी म्हणालो, "या बाबतीत देवीलाच विचारणं योग्य होईल."

सभ्य माणसाचा पळपुटेपणा किती भारदस्त ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं. दोन-तीन म्हाताऱ्यांनी तर मान डोलावली. रंगूबाईने नाही.

कौल लावला गेला. सोनबांनी तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या पाषाणावर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. "आई, उजवी पडली तर मानूस पडला. डावी पडली तर मानूस उतरला." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आता कळी पडंपरत गावाच्या शिवेत ह्या गोष्टीवर कोनी तोंड उघडायचा नाय. साक्ष नाय, कबुली नाय. देवीला इचारल्यावर मानसाचा काम संपला. आन तवर काठ बंद."

"तवर म्हणजे किती वेळ?" विनीतने विचारलं.

"घडी दोन घडी. कधी जास्ती."

अकरा वाजता कळ्या लावल्या. बारा वाजले, दोन वाजले. गाभाऱ्यात वाऱ्याचं नाव नव्हतं आणि दमट हवेत कळ्या घट्ट बसल्या होत्या. पर्यटक तंबूंतून सामान काढून निघून गेले. चारला विनीतने हळूच विचारलं, "आजा, एक टेबलफॅन लावूया का? लांबूनच."

"एसी लाव," सोनबा म्हणाले. "देवीला घोंगडी आनून देतो."

पाच वाजता राजनंदिनीचा फोन आला. "सर, काय लेख झालाय! सगळ्यात जास्त वाचला गेलाय. आम्ही वाचकांची सहल जाहीर केली. पुढच्या रविवारी. एकोणचाळीस जणांची बस. त्याच कोंडात, तुमच्याबरोबर पोहायचं!"

गावाच्या शिवेत होतो. तोंड उघडायला मनाई होती. मी फोन ठेवला आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणी मला त्या नियमाचा आधार वाटला.

सोमवारी पुन्हा गेलो. कळ्या जागेवर. देवीला स्नान घालता येत नव्हतं, कारण पाण्याने कळ्या पडल्या असत्या आणि तो देवीचा कौल धरता आला नसता. मासे काठाशी येऊन थांबत होते आणि परत जात होते. रंगूबाई देवळाच्या पायरीवर गोणी घेऊन बसली होती. मी एक चुरमुरा तोंडात टाकला. सादळला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. बोलायला मनाई असलेली बाई एवढं बोलू शकते, याची मला कल्पना नव्हती.

मंगळवारी महाडला घरातून, दार लावून, मी राजनंदिनीला फोन केला. "मी पोहलो नव्हतो. लेख पाठवला तेव्हा मी कोंड पाहिलेलाही नव्हता. रविवारी गेलो आणि घसरून पडलो. मला पोहता येत नाही. उद्याच्या अंकात खुलासा घ्या. काय कारवाई व्हायची ती होऊ दे."

ती म्हणाली, "सर, तिकडे देवस्थानाचा काही निर्णय व्हायचाय ना? विनीतनं व्हिडिओ टाकलाय, मी पाहिला."

"व्हायचाय."

"मग आपण आधीच कसं छापायचं? एकतर्फी होईल. त्यांची बाजू आली की दोन्ही एकत्र घेऊ. आणि सर, तुम्ही आत्ता जे बोललात ते मी ऐकलेलं नाही. बस भरलीय."

एकतर्फी छापू नये, हे तिला तीन वर्षांपूर्वीच्या शिबिरात मीच शिकवलं होतं.

स्वयंपाकघरातून स्नेहल आली. तिने सगळं ऐकलं होतं. आमच्याकडे दार लावून काही होत नाही. ती म्हणाली, "एकदा बोललात ना, मग आता ज्यांना पोचायला हवं त्यांना पोचवा. सावरखोलच्या शिवेत बोलायचं नाही, एवढंच ना? शीव कुठे संपते?"

गुरुवारी तलाठ्याकडे जाऊन मी गावनकाशा पाहिला. फाट्यावर रस्त्याची डावी कड सावरखोलची. उजव्या कडेपासून शेजारच्या गावाची हद्द. मी दोनदा खात्री केली. तलाठी म्हणाला, "जमीन घेताय का?" मी म्हणालो, "उभं राहायला लागते तेवढी."

आज रविवार, ११ मे. सकाळी साडेसहापासून मी फाट्यावर, रस्त्याच्या उजव्या कडेला उभा आहे. बस आंबेनळी उतरून इथे वळणार आहे. वळण्याआधी तिला थांबवायचं आणि एकोणचाळीस जणांना दोन वाक्यं सांगायची, एवढं काम आहे. ज्यांच्याकडे कॅमेरे आहेत त्यांनी चालू ठेवावेत, असंही सांगणार आहे. उद्या मी वार्ताहर असेन की नाही, ते त्यांनी काय टाकलं यावर ठरेल.

सव्वासातला रंगूबाई डोक्यावर टोपली घेऊन आली. काठ बंद, म्हणून मंगळवारपासून ती करवंदं विकायला फाट्यावर येते. ती डाव्या कडेला बसली. मी तिला नकाशाचं सांगितलं. तिने क्षणभर रस्त्याकडे पाहिलं, टोपली उचलली आणि रस्ता ओलांडून माझ्या शेजारी येऊन बसली.

"हिकडं चालतंय ना? मग बोल बघू."

"मी पडलो," मी म्हणालो. "मला पोहता येत नाही."

"ता मी तवाच बघितला." तिने करवंदाचा द्रोण माझ्या हातात दिला. "मोठ्यान बोल. गाडीचा आवाज असतोय."

मी मोठ्याने बोललो. वरच्या वळणावर दोन माकडं थांबली. रंगूबाई म्हणाली, "अजून."

आठला सोनबांचा निरोप आला. एका मोटारसायकलवाल्याने दिला. आठव्या दिवशी उजवी कळी देठाशी काळी पडली आहे, डावी तशीच आहे. पडलेली कोणतीच नाही. साडेआठला घाटात हॉर्न वाजला. मी पुढे झालो, हात वर केला आणि पहिलं वाक्य पूर्ण म्हटलं. ती दुधाची गाडी होती. ड्रायव्हरने "बरं" म्हटलं आणि निघून गेला.

नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. बस अजून आलेली नाही.